कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० चं इंजिन: खोलण्याआधी काय तपासायचं

"इंजिन गेलंय, बोर करावं लागेल" (म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करून नवे पिस्टन टाकावे लागतील) हे वाक्य जुन्या मारुतीच्या मालकाला कधी ना कधी ऐकावंच लागतं. पुष्कळदा ते खरं नसतं. या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनाची (बोर ६८.५ मिमी, स्ट्रोक ७२ मिमी) बहुतेक दुखणी इंजिनाच्या बाहेरच असतात: पॉइंट, कंडेन्सर, एखादी फुटलेली व्हॅक्यूम नळी, गंजलेली अर्थ वायर, गाळाने भरलेला रेडिएटर. ही सगळी तपासायला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लग पाना, टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, टायमिंग लाइट आणि कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) एवढं सामान पुरतं. कॉम्प्रेशन गेज विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजातून तासाभरासाठी आणता येतो. पण त्याच्याशिवाय इंजिन उतरवायला कुणालाही परवानगी देऊ नका.

खाली लिहिलेलं २००० च्या आसपास एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन) येण्याआधीच्या कार्बोरेटर गाड्यांसाठी आहे. त्याच घराण्याचं इंजिन असलेल्या जुन्या ओम्नीलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी थंड इंजिनावर

सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बॉनेट उघडून चार गोष्टी बघा. डिपस्टिक काढा: ऑइल मेणचट, दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतंय. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि आगीचा धोका वेगळाच. नवा पंप, नवं ऑइल, नवा फिल्टर, मगच स्टार्ट.

मग रेडिएटरची कॅप उघडा (फक्त थंड असताना). पाणी तोंडापर्यंत आहे का, त्यावर तेलाचा तवंग आहे का, रंग चहासारखा गंजका आहे का ते बघा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा पिवळसर फेस दिसला तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो वाफेमुळेही जमतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर गाडी एकदा तासभर हायवेला चालवा आणि पुन्हा बघा.

सेल्फ जड फिरतो

नवी बॅटरी टाकूनही सेल्फ रडत असेल तर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) तपासा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ पट्टी किंवा तिचे बोल्ट खराब आहेत. पट्टी काढून दोन्ही टोकं आणि बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळा. कोकणातल्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हा दोष हमखास सापडतो, आणि त्यापायी चांगले सेल्फ मोटर बदलले जातात.

स्पार्क: पॉइंट, कंडेन्सर आणि डेल्को

इंजिन मिसिंग करतं, पिकअप नाही, पावसात सुरूच होत नाही, या तिन्ही तक्रारींची सुरुवात इथून करायची. कार्बोरेटरला हात लावण्याची घाई सगळेच करतात, पण स्पार्क कमजोर असताना मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू फिरवणं म्हणजे दोन दोष एकत्र करून ठेवणं.

एक प्लग काढा, त्याच्या वायरला लावा, प्लगची बॉडी इंजिनाच्या धातूला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलच्या नळ्यांपासून लांब धरा, हाताला रबरी मोजा असू द्या. निळा, टच् आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळट, अशक्त स्पार्क दिसला तर पुढची पायरी.

डेल्कोची (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) कॅप काढा. आत ओल, भेगा, किंवा दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ आहे का बघा. ती रेघ म्हणजे स्पार्क वाट चुकून पळतोय. पुसून ती जात नाही, कॅप बदलावी लागते. रोटरचं (कॅपखाली फिरणाऱ्या तुकड्याचं) टोक जळकं असेल तर तोही बदला. प्लगच्या वायरी मल्टिमीटरने मोजा. एखादी वायर बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त, २० किलो-ओहमच्या वर दाखवत असेल तर पूर्ण सेट बदला.

आता पॉइंट, म्हणजे डेल्कोतला उघडझाप करून स्पार्क पाडणारा स्विच. (ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे तिथे हा भाग सोडून द्या.)

१. गाडी न्यूट्रलला, इग्निशन बंद. रोटर काढा आणि पॉइंटची तोंडं उघडून बघा. करडी, सपाट असतील तर ठीक. एका तोंडावर टेकडी आणि समोरच्यावर खड्डा दिसत असेल तर कंडेन्सर संशयित आहे. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला, एकटा पॉइंट टाकला तर तो लवकरच पुन्हा तसाच होतो.

२. इंजिन हळूहळू फिरवा. हे सोपं जाण्यासाठी तिन्ही प्लग काढून ठेवा, नाहीतर सपाट जागी चौथ्या गिअरमध्ये गाडी थोडी थोडी ढकला. पॉइंटची टाच डेल्कोच्या शाफ्टवरच्या उंचवट्याच्या बरोबर माथ्यावर आली की थांबा. त्या क्षणी पॉइंट सर्वात जास्त उघडलेला असतो.

३. गॅप ०.४ ते ०.५ मिमी ठेवा. फीलर गेज हलकेच घासून जायला हवा, पॉइंट ढकलला जाऊन उपयोग नाही. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा. आवळताना गॅप सरकतोच.

४. शाफ्टच्या उंचवट्यावर मुगाच्या डाळीएवढं डेल्को ग्रीस लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि पुन्हा मिसिंग.

५. गॅप बदलला की टायमिंगही (स्पार्क पडण्याची वेळ) बदलतं. टाच झिजत गेली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग मागे पडतं. म्हणून जुन्या पॉइंटवर गाडी हळूहळू मंद आणि गरम होत जाते. गॅप लावल्यावर टायमिंग लाइटने खुणा जुळवा, डोळ्याने अंदाज नको.

प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे प्लग आधी हाताने पूर्ण बसवायचा, मगच पाना. तिरका आटा एकदा गेला की लेथवाल्याकडे इन्सर्ट बसवून घ्यावा लागतो.

थंडीत झकास चालणारी गाडी अर्ध्या तासाने बंद पडते आणि वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते, ही तक्रार असेल तर बंद पडल्या क्षणी स्पार्क बघा. स्पार्क नसेल आणि कॉइल हाताला चटका देत असेल तर कॉइल. स्पार्क चांगला असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला. ही एक तपासणी त्याच वेळी, रस्त्याच्या कडेला करणं गॅरेजमधल्या दोन दिवसांपेक्षा जास्त उपयोगी पडते. आणि इग्निशन चालू ठेवून रेडिओ ऐकत बसू नका. पॉइंट बंद स्थितीत थांबला असेल तर कॉइल तेवढा वेळ तापत राहते.

कार्बोरेटर आणि पेट्रोल

सर्वात फसवी तक्रार ही: गाडी रेस दिली की व्यवस्थित चालते, पाय काढला की बंद. दहातल्या नऊ जणांना कार्बोरेटर ओव्हरहॉल सांगितला जातो. आधी कार्बोरेटरवर बसवलेला आयडल सोलेनॉइड (स्लोच्या पेट्रोलची वाट उघडणारा विजेचा वॉल्व्ह) बघा. इंजिन बंद, चावी ऑन, आणि त्याची वायर काढून पुन्हा लावा. प्रत्येक वेळी बारीक 'टक' ऐकू यायला हवं. आवाज नसेल तर टेस्ट लॅम्पने वायरीत करंट येतोय का तपासा. येत असेल तर सोलेनॉइड गेला, येत नसेल तर फ्यूज किंवा वायर. 'टक' होतंय तरी गाडी स्लोला (पाय काढल्यावर) चालू राहत नाही, तर मग स्लो जेटमध्ये कचरा. जेट कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेने साफ करायचा. तार घालू नये, भोक जरा मोठं झालं की ॲव्हरेज कायमचा गेला.

दुसरं, बाहेरची हवा. कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी. इंजिन स्लोला ठेवून या जोडांवर स्प्रे बाटलीने थोडं पाणी मारा (डेल्कोकडे नको). रेस क्षणभर बदलली तर तिथून हवा घुसतेय. अशी गाडी स्लोला अडखळते, मागे फटके मारते आणि गरमही होते.

फ्लोटची (कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची) पातळी कार्बोरेटरच्या गोल काचेतून दिसते. इंजिन स्लोला चालू असताना पेट्रोल काचेवरच्या ठिपक्याच्या आसपास हवं. वर असेल तर निडल वॉल्व्ह गळतोय किंवा फ्लोट जड झालाय. अशी गाडी गरम असताना सुरू व्हायला त्रास देते आणि काळा धूर मारते. काळ्या धुराचं त्याहून साधं कारण म्हणजे चोकची केबल. डॅशबोर्डवरचा नॉब पूर्ण आत गेला तरी कार्बोरेटरवरची पाकळी उभी झाली का, एअर क्लिनरचं झाकण काढून डोळ्याने बघा.

पेट्रोल पंप तपासायचा तर कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा आणि सेल्फ मारा. ठराविक अंतराने जोरदार पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. बुडबुडे येत असतील तर टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी नळी हवा धरते. एप्रिल-मेमध्ये घाटात बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणाऱ्या गाडीत पंपातलंच पेट्रोल वाफ झालेलं असतं. पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी सुरू झाली तर निदान पक्कं. मग पंप आणि हेडमधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे का बघा, मागच्या मेकॅनिकने तो फेकून दिलेला असू शकतो.

ई२० चा मुद्दा इथे येतो. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेलं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता जवळपास सगळ्या पंपांवर तेच आहे, आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात, आतून सोलतात आणि तो चुरा जेटमध्ये जातो. पंपाचा डायफ्रॅम आणि निडलचं टोकही त्याच वाटेने जातं. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. एमपीएफआयमध्ये सेन्सर पेट्रोल थोडं वाढवून घेतो, पण कार्बोरेटरला ते कळत नाही आणि मिक्श्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी). उपाय सरळ आहेत: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला चालणाऱ्या घ्या, इनलाइन फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला, गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. हवेतलं पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते.

मिक्श्चरचा स्क्रू सगळ्यात शेवटी. इंजिन पूर्ण गरम, चोकचा नॉब पूर्ण आत, दिवे बंद, एअर क्लिनर लावलेला. स्लो साधारण ९०० आरपीएमवर आणा, स्क्रू फिरवत इंजिन सर्वात मऊ चालेल ती जागा शोधा, मग किंचित पातळ करा. पीयूसीला जाताना लक्षात ठेवा: भारत स्टेज २ (प्रदूषणाचे निकष) च्या आधीच्या पेट्रोल गाडीला मर्यादा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम आहे. धड ट्यून केलेलं इंजिन त्यात आरामात बसतं. सीओ कमी पण हायड्रोकार्बन वर असेल तर ते मिसिंगचं लक्षण, मिक्श्चरचं नव्हे.

गरम होणं

या इंजिनाला मारणारं दुखणं हेच. हेड ॲल्युमिनियमचं, ते एकदा खूप तापलं की वाकतं. म्हणून काटा लाल पट्ट्याकडे सरकताच थांबा, इंजिन बंद करा आणि अर्धा तास रेडिएटरच्या कॅपला हात लावू नका. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतणं हा हेडला चीर पाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

गाडी कधी गरम होते, यावरून अर्धं निदान होतं. सिग्नलला गरम आणि हायवेला ठीक, तर इलेक्ट्रिक फॅन चालत नाही. सपाटीला ठीक आणि खंबाटकीच्या चढावर काटा वर, तर रेडिएटर अर्धा बुजलाय, नाहीतर टायमिंग मागे पडलंय किंवा मिक्श्चर पातळ आहे. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच गरम, तर थर्मोस्टॅट अडकलाय, पाणी कमी आहे किंवा हेड गॅसकेट उडालंय.

फॅन: थर्मो स्विचचा दोन वायरींचा सॉकेट काढून, इग्निशन ऑन ठेवून, वायरच्या तुकड्याने दोन्ही टोकं जोडा. फॅन फिरला तर स्विच बदला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. बोटं पात्यांपासून लांब.

थर्मोस्टॅट: काढून पातेल्यात पाण्यात लटकवा आणि तापवा. साधारण ८२ अंशांना उघडायला लागून ९५ च्या आसपास पूर्ण उघडला पाहिजे. आपल्याकडे तो काढून फेकून देण्याची रीत आहे, "आपल्या हवेत कशाला हवा" म्हणून. ही रीत चुकीची आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, तोवर पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं, बोर झिजतो आणि ॲव्हरेज पडतो. अडकला असेल तर नवा टाका, रिकामी जागा ठेवू नका.

रेडिएटर: पाण्याच्या प्रश्नाचं मूळ बहुतेक वेळा बोअरच्या पाण्यात असतं. क्षारांचा थर नळ्यांत बसतो, ब्लॉक आतून गंजतो आणि एक दिवस ब्लॉकच्या कडेचा पत्र्याचा कोअर प्लग कुजून फुटतो. डिस्टिल्ड पाण्यात ३० ते ५० टक्के कूलंट, दर दोन वर्षांनी बदल. रेडिएटर गरम असताना इंजिन बंद करून जाळीवर वरून खाली हात जवळ नेत फिरवा. मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. कॅप साधारण ०.९ किलोच्या (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाची असते. तिचं रबर कडक झालं तर पाणी लवकर उकळतं, आणि या स्वस्त वस्तूकडे शेवटपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

हे सगळं ठीक असेल तर गॅसकेटची तपासणी. थंड इंजिन, कॅप उघडी, पाणी तोंडापर्यंत, आणि स्टार्ट. पहिल्या मिनिटभरातच पाण्यातून सतत बुडबुडे येऊ लागले, किंवा कॅप लावल्यावर इंजिन थंड असतानाच वरचा होज टणक झाला, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. हेड उतरवावं लागेल.

उतरवल्यावर नुसतं गॅसकेट बदलून परत बसवू देऊ नका. हेडच्या सपाट बाजूवर सरळ पट्टी उभी-आडवी-तिरकी ठेवून खाली फीलर घाला. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर लेथवर फेसिंग हवंच. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने पूर्ण कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो आणि टॉर्कही खोटा दाखवला जातो. बोल्ट मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने.

टॅपेट

टॅपेट म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट. टक-टक आवाज करणारा टॅपेट सगळ्यांना खटकतो, पण धोका न वाजणाऱ्या, घट्ट टॅपेटचा असतो. एक्झॉस्ट वॉल्व्ह पूर्ण बसला नाही की जळतो. एलपीजी-सीएनजीवरच्या गाड्यांत सीट लवकर झिजते आणि टॅपेट आपोआप घट्ट होत जातो, म्हणून तिथे दर १०,००० किलोमीटरला तपासा. थंड इंजिनावर गॅप साधारण ०.१५ मिमी. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या माथ्यावर (दोन्ही वॉल्व्ह बंद, पिस्टन सर्वात वर) आणा, त्याचे दोन्ही रॉकर सैल असतील, ते लावा. क्रँक २४० अंश फिरवा, तिसरा. पुन्हा २४०, दुसरा. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, त्याच क्रमाने गेलं की गोंधळ होत नाही.

टायमिंग बेल्टचा इतिहास ठाऊक नसेल तर तो बदलूनच टाका, सोबत कॅम आणि क्रँकचे ऑइल सील. गळकं ऑइल बेल्टचं रबर खातं. चालता चालता गाडी झटकन बंद पडली आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं तर डेल्कोची कॅप काढून सेल्फ मारा. रोटर फिरत नसेल तर बेल्ट तुटलाय. तिथे सेल्फ मारत बसू नका.

धूर, आणि मग कॉम्प्रेशन

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पण कुठून ते महत्त्वाचं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एक भपकारा आणि मग साफ, किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की भपकारा: वॉल्व्हचे सील. रेस दिली की सतत निळा: रिंगा किंवा बोर. दोन्हीच्या आधी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही (चेंबरमधली वाफ बाहेर ओढणारा वॉल्व्ह) साफ करा. ती बुजली तर चांगलं इंजिनही ऑइल फेकतं आणि सगळ्या सीलमधून गळतं.

आता गेज. टॅपेट आधी लावून घ्या, नाहीतर घट्ट टॅपेटमुळे कॉम्प्रेशन खोटं कमी दिसेल. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली. चोकचा नॉब पूर्ण आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके. चांगल्या इंजिनात आकडा १२ किलोच्या (सुमारे १७० पीएसआय) आसपास किंवा वर येतो, आणि सिलिंडरांमधला फरक एक किलोच्या आत असतो. कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा-बोर. तसाच राहिला तर वॉल्व्ह, म्हणजे फक्त हेडचं काम, इंजिन उतरवायची गरज नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर दोघांमधलं गॅसकेट.

तिन्ही आकडे १० च्या वर, धूर नाही, आणि हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल खातेय, अशी गाडी खुशाल चालवा. २०डब्ल्यू४० मिनरल ऑइल, फिल्टरसह पावणेतीन ते तीन लिटर, दर ५,००० किलोमीटरला. "ट्रीटमेंट"च्या बाटल्यांनी धूर आठवडाभर लपतो, रिंग दुरुस्त होत नाही.

बोर खरोखरच करायचा असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन (०.२५ किंवा ०.५०) विकत आणा आणि तो प्रत्यक्ष पिस्टन लेथवाल्याच्या हातात देऊन त्याच्या मापाने बोर करून घ्या. उलट क्रमाने केलं तर क्लिअरन्स नशिबावर. होनिंगच्या (बोरनंतरच्या शेवटच्या घासणीच्या) तिरक्या रेघा दिसल्या पाहिजेत, आरशासारखा गुळगुळीत बोर रिंग बसू देत नाही. जोडल्यावर पहिले ५०० किलोमीटर ६० च्या आत, एकाच वेगाने न चालवता कमी-जास्त करत. मग ऑइल, फिल्टर बदला आणि टॅपेट पुन्हा मोजा.